पिकअप लोअर करायचीय आणि ट्रेलरही ओढायचाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाच्या दारात चार-पाच वर्षांत पिकअप दिसायला लागते. घर बदलायचं असतं, तळ्यावर बोट न्यायची असते, गणपतीत ढोल-ताशांचं सामान ट्रेलरवर लादून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं असतं. मग रस्त्यात एखादी छान खाली बसलेली सिल्व्हराडो दिसते आणि आपलीही तशीच करावी असं वाटू लागतं. त्यात काही गैर नाही. मला स्वतःला लोअर केलेल्या पिकअप मनापासून आवडतात. पण नुसती शोभेची लोअर गाडी वेगळी आणि ट्रेलर ओढणारी लोअर गाडी वेगळी. हा फरक ज्यांना समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत.

उदाहरणासाठी १९९९ ते २००६ या काळातली शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, टू-व्हील ड्राइव्ह, घेतली आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, अशी साधी मांडणी, आणि सुटे भाग मुबलक मिळतात. दुसऱ्या गाड्यांचं काय ते पुढे आहे.

पिकअप लोअर करून नेमकं काय मिळतं? की फक्त दिसायला?

दिसणं हे मोठं कारण आहेच, ते लपवायला नको. पण उपयोगही आहे. गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर गाडी कमी कलते, हायवेवर बाजूच्या वाऱ्याने कमी डगमगते. हौद्यात सामान चढवताना चार इंच कमी उचलावं लागतं, हे पाठीला लगेच कळतं. सासूबाईंना गाडीत चढताना हात द्यावा लागत नाही.

जातं काय, तर सस्पेन्शनची वरखाली व्हायची जागा. ट्रेलर ओढायला नेमकी तीच लागते.

लोक ‘२/४’, ‘३/५’ म्हणतात ते काय?

पहिला आकडा पुढून किती इंच उतरवली, दुसरा मागून किती. मागचा आकडा मोठा असतो, कारण कंपनीतून निघालेली पिकअप मुळातच मागून उंच असते. हौद्यात वजन पडलं किंवा हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर, ट्रेलर आला की मागचा भाग दबून गाडी समपातळीत यावी, म्हणून तो उतार मुद्दाम दिलेला असतो. २/४ केलं की रिकामी गाडी जवळपास सपाट दिसते. म्हणजे भारासाठी राखून ठेवलेला उतार तुम्ही दिसण्यासाठी आधीच खर्च केलात.

मग ट्रेलर ओढणाऱ्याने किती उतरवावी?

माझं मत सरळ आहे: २/३, आणि २/४ ही शेवटची मर्यादा. त्यापुढे जायचं असेल तर चॅसी कापणं, एअर सस्पेन्शन, सगळंच आलं.

पण माझ्या मतापेक्षा तुमच्या गाडीचं माप खरं. किट मागवायच्या आधी एक दुपार त्यासाठी काढा. सपाट जागी गाडी रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून चारही बाजूंची मापं घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने ते माप बदलतं. मग गाडीखाली जाऊन मागच्या ॲक्सलची नळी आणि चॅसीखालचा रबरी बंप स्टॉप यांच्यात किती फट आहे ते मोजा. आता नेहमीचा ट्रेलर, नेहमीच्या सामानासकट, जोडा आणि पुन्हा तीच मापं घ्या.

समजा रिकामी असताना बंप स्टॉपपर्यंत साडेचार इंच फट होती आणि ट्रेलर जोडल्यावर गाडी मागून अडीच इंच दबली. पाटे तेच ठेवून मागून ४ इंच उतरवली, तर रिकाम्या गाडीलाच अर्धा इंच फट उरते. ट्रेलर जोडताच ॲक्सल बंप स्टॉपवर जाऊन बसणार. त्यानंतर पुलाच्या प्रत्येक सांध्यावर धक्का पाट्यांऐवजी थेट चॅसीत जाईल, मागचं टोक उडेल आणि ट्रेलरही त्याबरोबर हलेल. हेच ३ इंच उतरवली आणि आखूड बंप स्टॉप बसवून दीड इंच परत मिळवलं, तर रिकाम्या गाडीला तीन इंच आणि भरल्या गाडीला अर्धा इंच उरतो. तोही कमीच. तिथे मदतीची एअर बॅग (ॲक्सल आणि चॅसीमधली हवेची पिशवी) किंवा चॅसीचा नॉच (ॲक्सलसाठी चॅसीत कापलेली खाच) विचारात घ्यावा लागतो.

गाडी किती इंच उतरली हे सगळे विचारतात. भार पडल्यावर आणखी किती इंच उरले, हे विचारणारा सहसा भेटत नाही. लोअर करून ट्रेलर ओढण्याचा सगळा हिशेब या उरलेल्या इंचांचा आहे.

पुढून उतरवायला स्पिंडल चांगले की स्प्रिंग?

टू-व्हील ड्राइव्ह सिल्व्हराडोला ड्रॉप स्पिंडल, यात मला शंका नाही. स्पिंडल म्हणजे वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटच्या मधला तो भाग, ज्यावर चाकाचा हब बसतो. ड्रॉप स्पिंडलमध्ये हबची जागा दोन इंच वर सरकवलेली असते. चाक वर जातं, म्हणजे गाडी खाली येते, आणि कंट्रोल आर्म, स्प्रिंग, शॉकअप सगळे मूळ कोनात राहतात. सस्पेन्शनची हालचाल एक सूतही कमी होत नाही. रायड मूळ गाडीसारखीच लागते.

लोअरिंग स्प्रिंग स्वस्त पडते, पण ती आखूड असल्याने आर्मचा कोन बदलतो, कॅम्बर निगेटिव्ह होतो, म्हणजे चाकांची वरची बाजू आत कलते, आणि बंप स्टॉप जवळ येतो. एखादा इंच उतरवायला ठीक. स्प्रिंग कापून उतरवणं मात्र कुणी फुकट करून दिलं तरी करू नका.

स्पिंडल बसवताना दोन गोष्टी पाहाच. ब्रेकची लवचिक नळी आणि एबीएसची वायर चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर ताणली जात नाही ना. आणि काही स्पिंडल चाकाला किंचित बाहेर ढकलतात, म्हणून पूर्ण वळवलेलं चाक मडगार्डच्या आतल्या कडेला घासत नाही ना.

मागून उतरवायचे मार्ग कोणते?

शॅकल. पाट्यांचं मागचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी. या गाडीत ती चॅसीवरच्या पिनपासून वर पाट्याच्या टोकाकडे जाते, म्हणून लांब शॅकल लावली की गाडी खाली येते. ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असल्यामुळे शॅकल जेवढी लांब, त्याच्या निम्मीच गाडी उतरते. दोन इंच हवेत तर शॅकल चार इंच लांब. एखादा-दोन इंचांसाठी हा सगळ्यांत सोपा मार्ग.

हँगर. पाट्याचं पुढचं टोक धरणारा ब्रॅकेट. दोन्ही टोकं सारखी उतरली तर ॲक्सलचा कोनही फारसा बिघडत नाही, म्हणून शॅकल आणि हँगर यांची जोडी मला सगळ्यांत आवडते. कष्ट मात्र आहेत. मूळ हँगर चॅसीला रिवेट केलेला असतो. ग्राइंडरने रिवेटची डोकी उडवायची, मग पंच आणि हातोड्याने एकेक रिवेट ठोकून बाहेर काढायचा. ठिणग्या उडतात, म्हणून पेट्रोलची टाकी आणि नळ्या ओल्या जाड कापडाने नीट झाकून, शेजारी अग्निशामक ठेवूनच हे काम करायचं. नवा हँगर चांगल्या ग्रेडच्या नट-बोल्टने बसतो.

फ्लिप किट. मूळ गाडीत पाटे ॲक्सलच्या वर असतात. फ्लिप किटने ते ॲक्सलच्या खाली जातात आणि गाडी एकदम पाच-सहा इंच उतरते. पाटे तेच राहतात, त्यांची ताकद तशीच राहते, पण ॲक्सल चॅसीच्या इतका जवळ जातो की नॉचशिवाय पर्याय नाही.

ब्लॉक. ज्या गाड्यांत पाटे मुळातच ॲक्सलच्या खाली असतात, उदाहरणार्थ जुन्या टू-व्हील ड्राइव्ह टोयोटा पिकअप, तिथे मध्ये ठोकळा टाकून उतरवतात.

पाटा काढून टाकला तर?

नको. पाटा काढला की गाडी उतरते खरी, पण ती भार पेलायची ताकद कमी झाल्यामुळे उतरते. वर सांगितलेल्या मापाच्या उदाहरणात अडीच इंच दबणारी गाडी मग साडेतीन किंवा चार इंच दबेल. शॅकल आणि हँगर पाट्यांना हातही लावत नाहीत. म्हणूनच ओढणाऱ्या गाडीला तेच बरे.

चॅसी कापावीच लागते का?

२/३ ला सहसा नाही. मागून ४ इंच आणि वर नियमित ओढायचं असेल तर सी-नॉच करून घेतलेला बरा. ॲक्सलच्या बरोबर वर चॅसीचा खालचा भाग अर्धगोल कापतात आणि त्या जागी जाड पोलादी सी-आकाराचा तुकडा बसवतात. ॲक्सलला वर जायला दोन-तीन इंच जास्त मिळतात.

कापलेली चॅसी ओढण्यालायक राहते का, हे पूर्णपणे कामावर अवलंबून आहे. सगळ्या भोकांत बोल्ट बसलेला, कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, गंजरोधक रंग दिलेला नॉच वर्षानुवर्षं टिकतो. ठिणगीच्या खाचा राहिलेल्या कडेपासून चीर सुरू होते. कापण्याआधी चॅसीच्या आतून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, वायरिंग सगळं सोडवून बाजूला बांधा. वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीच्या तारा काढून ठेवा. आणि हे वेल्डिंग रोज चॅसीचं काम करणाऱ्याकडूनच करून घ्या, ओळखीतला कुणी करतो म्हणून नव्हे.

लोअर केल्यावर ओढायची क्षमता कमी होते, की नव्या पार्ट्सने वाढते?

वाढत तर नाहीच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर जे स्टिकर आहे, गाडीचं कमाल एकूण वजन आणि प्रत्येक ॲक्सलचं कमाल वजन सांगणारं, तीच तुमची मर्यादा. जाड पाटे, एअर बॅग, महागडे शॉकअप, कशानेही तो आकडा बदलत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, चॅसी या सगळ्यांतून तो ठरलेला असतो.

उलट कमी होऊ शकते. १९९१ सालची जीएमसी सायक्लोन घ्या. कारखान्यातूनच बुटकी आणि विलक्षण वेगवान निघालेली ही पिकअप, पण हौद्यातल्या वजनाची मर्यादा फक्त ५०० पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. खाली बसलेल्या गाडीवर भार किती टाकायचा याबाबत खुद्द बनवणारे किती सावध होते ते यातून कळतं.

टंग वेटचा एवढा बाऊ का करतात?

बाऊ नाही, तो सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आहे. ट्रेलरचा जो भार हिचच्या बॉलवर पडतो त्याला टंग वेट म्हणतात. साध्या बॉल हिचच्या ट्रेलरला तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. कमी झाला की हायवेवर ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो.

५,००० पौंडांचा ट्रेलर धरा. टंग वेट ५०० ते ७५० पौंड. समजा ६०० आहे. बॉल मागच्या ॲक्सलच्या चार फूट मागे, आणि दोन्ही ॲक्सलमधलं अंतर बारा फूट. पहारेनं दगड उचलताना होतं तेच इथे होतं: मागचं टोक दाबलं की पुढचं उचललं जातं. ६०० गुणिले ४ भागिले १२, म्हणजे पुढच्या ॲक्सलवरून २०० पौंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ६०० नव्हे, ८०० पौंड येतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. लोअर गाडीत हे ८०० पौंड सोसायला उरलेली जागा आधीच कमी असते.

अंदाजावर जाऊ नका. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचे वजनकाटे, असतात. एकदा नुसती गाडी आणि एकदा ट्रेलरसकट, अशी दोन वजनं करा. पुढच्या ॲक्सलचं, मागच्या ॲक्सलचं आणि ट्रेलरचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ढोल-ताशाच्या ट्रेलरचं वजन लोक कायम कमी धरतात. ढोल हलके असतात, पण स्पीकर, जनरेटर, लोखंडी स्टँड आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी मिळून बघता बघता हजार पौंड होतात, आणि आयत्या वेळी ती सगळी ट्रेलरच्या मागच्या दाराशी लादली जातात. जड सामान ट्रेलरच्या ॲक्सलच्या किंचित पुढे गेलं पाहिजे.

हिच खाली आल्यावर बॉल माउंट (हिचमध्ये बसणारी, बॉल धरणारी दांडी) बदलावा लागतो का?

नक्कीच. ट्रेलर जमिनीला समांतर चालला पाहिजे, फार तर नाक किंचित खाली. दोन ॲक्सलचा ट्रेलर नाक खाली घालून चालला तर पुढच्या ॲक्सलच्या टायरवर जास्त भार येतो आणि तेच आधी फुटतात.

इथे एक गणित लोकांकडून सुटतं. २/४ केलेल्या गाडीचा हिच ४ इंचच उतरतो असं वाटतं. पण हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे आणि गाडीचा कोनही बदललाय. वरच्याच मापाने तो साडेचार इंचांहून थोडा जास्त उतरतो. म्हणजे आधी चार इंचांचा ड्रॉप असलेला बॉल माउंट लागत होता, तिथे आता सरळ किंवा किंचित वर जाणारा लागेल. उंची बदलता येणारा माउंट घ्या.

सेफ्टी चेन बॉलखाली फुलीसारख्या टाकायच्या, वळताना ताणल्या जाणार नाहीत पण रस्त्याला घासणारही नाहीत इतक्या लांब. उंच गाडीसाठी ठरवलेली लांबी लोअर गाडीत रस्त्यावर लोळते. चढाच्या ड्राइव्हवेवर रिसीव्हर आणि ट्रेलरचा जॅक घासतो का ते पहिल्या दिवशीच अगदी हळू जाऊन पाहा.

एअर बॅग बसवली की काम झालं ना?

अर्धं झालं. मागच्या ॲक्सल आणि चॅसीमध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या लोअर गाडीला फार उपयोगी पडतात. रिकामी असताना हवा कमी, ट्रेलर जोडला की भरायची, आणि गाडी रिकामी असतानाच्या उंचीवर उचलली जाते. मात्र किट लोअर केलेल्या गाडीसाठीच बनवलेला हवा. मूळ उंचीसाठीची पिशवी आखूड जागेत चेपून फाटते. किटवर दिलेल्या किमान दाबाखाली ती कधी चालवू नका.

हवेची पिशवी मागचा भाग उचलते, पण पुढच्या ॲक्सलवरून गेलेले २०० पौंड परत आणत नाही. ते काम वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचं. त्याचे स्प्रिंग बार भार पुढे ढकलतात. दोन्ही वापरायचे असतील तर क्रम पाळा: आधी पिशवीत थोडीच हवा, मग बार लावून पुढच्या मडगार्डचं माप मालकपुस्तिकेत सांगितलंय तितकं खाली आणा, आणि शेवटी हवेने मागची बारीक दुरुस्ती. उलटं केलं तर गाडी समपातळीत दिसेल, पण पुढची चाकं हलकीच राहतील.

लोअर केल्यावर ६० मैलांच्या वेगाला गाडी थरथरते. का?

बहुतेक वेळा पिनियनचा, म्हणजे शाफ्टला जोडलेल्या डिफरन्शियलमधल्या गिअरचा, कोन. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असतात. एकाच अखंड शाफ्टच्या गाडीत गिअरबॉक्सच्या आउटपुटची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हवी, आणि प्रत्येक क्रॉसचा कोन साधारण १ ते ३ अंश. शॅकल लांब केली की ॲक्सल किंचित फिरतो, समांतरपणा जातो आणि शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त वेगाने फिरू लागतो. तीच थरथर.

उपाय म्हणजे पाटा आणि ॲक्सलमधल्या पाचरी, दोन किंवा चार अंशांच्या. कोणत्या बाजूला जाड हे डिजिटल कोनमापकाने मोजून ठरवायचं, डोळ्याने नव्हे. आणि मोजमाप गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगची उंचीही बघावी लागते. ट्रेलर ओढणाऱ्यांनी भारासकट पुन्हा मोजावं, कारण भाराने कोन परत बदलतो.

जुने शॉकअप चालतील?

पुढे स्पिंडल असतील तर चालतील. मागे दोन इंचांहून जास्त उतरवली असेल तर नाही. लांब शॉकअप आतून पूर्ण दाबला जातो, धातूवर धातू आपटतो आणि तो फुटतो. उतरवलेल्या उंचीसाठीचेच घ्या.

टायर-रिमबद्दल काय?

मोठी रिम, पातळ टायर हा लोअर गाडीचा साज आहे. इथेच ओढणारी गाडी फसते. टायरच्या बाजूवर भाराचा आकडा लिहिलेला असतो. टायर मोटारकारसाठीचा, म्हणजे आकाराच्या आधी ‘पी’ अक्षर असलेला असेल, तर पिकअपवर वापरताना त्या आकड्याला १.१० ने भागायचं असा अमेरिकेचा नियम आहे. २,५०० पौंडांचा टायर पिकअपखाली २,२७२ पौंडांचाच धरायचा. दोन टायरची बेरीज मागच्या ॲक्सलच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी भरली तर ते टायर विसरा, कितीही सुंदर दिसोत.

आणि एक रेषा डोळ्यांपुढे ठेवा: एका बाजूच्या रिमच्या तळापासून विरुद्ध बाजूच्या टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या जागेपर्यंत. गाडीचा कुठलाही भाग, पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टची प्लेट, शॉकअपचं टोक, काहीही, या रेषेखाली येता कामा नये. टायर फुटून गाडी रिमवर आली तर तो भाग आधी रस्त्यात रुततो. फ्लिप किट आणि ब्लॉक लावलेल्या गाड्यांत यू-बोल्टची प्लेट नेमकी तिथेच लोंबते.

ब्रेक, हेडलाइट, कॅमेरे?

हेडलाइट पुन्हा जुळवा, ट्रेलर जोडल्यावर ते वर पाहतात. नव्या गाड्यांत पुढचा रडार आणि कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा लागू शकतो. जुन्या टोयोटा पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेक व्हॉल्व्ह असतो. गाडी दबली की भार वाढला असं समजून तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लोअर केलेल्या रिकाम्या गाडीतही तो तसंच समजतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात. त्याची दांडी नव्या उंचीला जुळवलीच पाहिजे.

घरी करता येईल?

शॅकल, शॉकअप, हो. दणकट जॅक स्टँड, टॉर्क रेंच आणि मदतीला एक माणूस हवा. स्पिंडल बदलताना खालचा कंट्रोल आर्म जॅकने धरल्याशिवाय बॉल जॉइंट सैल करू नका. त्या आर्मवर दाबलेली कॉइल स्प्रिंग बसलेली असते. ती सुटली तर माणूस मरू शकतो. स्प्रिंगमधून साखळी ओवून चॅसीला बांधून ठेवा.

यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात. नवे यू-बोल्ट शंभर मैलांनंतर पुन्हा टॉर्क करायचे. आणि रबरी बुशचे बोल्ट, कंट्रोल आर्मचे असोत की पाट्यांचे, गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी नीट बसत नाही आणि काही महिन्यांत बुश फाटतं.

सगळं झालं की थोडे मैल चालवून अलाइनमेंट. पुढच्या चाकांपुरतं नको. हँगर बदलले असतील तर मागचा ॲक्सल सरळ बसलाय का तेही मोजायला सांगा.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर?

याच सिल्व्हराडोच्या फोर-व्हील ड्राइव्हला पुढे टॉर्शन बार असतात. त्यांचा बोल्ट सैल करून एखादा इंच उतरतो, पण त्याबरोबर पुढच्या शाफ्टचे कोनही बदलतात. इंचभरावर थांबा.

डॉज राम किंवा फोर्ड एफ-१५०?

२००९ पासूनच्या राम १५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. ॲक्सलला आडवा धरणारा रॉड असल्याने गाडी उतरली की ॲक्सल एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड बसवून तो मध्यावर आणावा लागतो. अलीकडच्या एफ-१५० ला पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात, तिथे त्यासाठीचेच भाग घ्यावे लागतात. मोजायची पद्धत सगळीकडे तीच.

कायदा आणि वॉरंटी?

राज्याराज्यांत वेगळे नियम आहेत. कॅलिफोर्नियात तर १९५८ पासून असा कायदा होता की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग रिमच्या तळापेक्षा खाली नको. लोरायडर संस्कृती, म्हणजे गाड्या खूप खाली उतरवून मिरवण्याची हौस, या कायद्याशी झगडत वाढली. तो १ जानेवारी २०२४ पासून गेला. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झाली, म्हणजे तुमचं सैल यू-बोल्ट दुसरं कुणी पकडणार नाही.

१९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण सस्पेन्शन आणि ड्राइव्हशाफ्टच्या बाबतीत ते दाखवणं अवघड नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

महाराष्ट्रात हेच करता येईल का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. शिवाय तिकडची गरज उलटी आहे. माल वाहणाऱ्या पिकअपला लोक एक पाटा वाढवून घेतात.

पुढे कधी मूळ उंचीवर आणता येईल का?

शॅकल, स्पिंडल, हँगर, फ्लिप, सगळं परत फिरवता येतं, नॉच सोडून. जुने स्पिंडल, शॅकल आणि बंप स्टॉप तेल लावून, कोणत्या बाजूचा कोणता ते खडूने लिहून ठेवा. रिवेट उडवून काढलेले हँगरही टाकू नका, त्याच भोकांत ते बोल्टने परत बसतात. यू-बोल्ट मात्र तेव्हाही नवेच घ्यायचे.